ताकदीचा डबा

भांडुप, १२ जून २०२२

चि. दीपेश,

येसाजीकाकांच्या टेम्पोतून हा डबा पाठवतेय, सोबत ही चिठ्ठी. वाडीत रेंज नाही, आबांना फोन करायचा तर ते माळावर जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्यांना काही समजावून सांगितलं की "बरं बरं" म्हणतात आणि घरी पोचेपर्यंत विसरतात. तुला तर माळावर चढवतच नाही. म्हणून लिहिते.

इथल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तुझ्या आजाराचं नाव सांगितलं. बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी. मला ते नावसुद्धा नीट म्हणता येत नव्हतं. स्नायू हळूहळू झिजत जाणार, बरं करणारं औषध नाही, हलका व्यायाम करा, मधूनमधून हृदय तपासायला या. डॉक्टर किती शांतपणे सांगत होते. बावीस वर्षांच्या पोराला असं सांगून मोकळे होतात, याचा मला फार राग आला रे.

मी जिमच्या काउंटरवर बसते. दिवसभर माझ्यासमोरून माणसं दंड फुगवून जातात, आणि माझा भाऊ घरात गुडघ्यावर हात टेकून उठतो. इथले ट्रेनर सुधीरसर आहेत, त्यांना तुझं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "स्नायूचा आजार हाय ना, मग स्नायूला खायला घाला." त्यांच्या ओळखीचा एक वैद्य ही पावडर बनवतो. डब्यावर नाव नाही, पण आयुर्वेदिक आहे, कसलाही अपाय नाही. सकाळी दुधातून एक चमचा घे. महिनाभर घेऊन बघ आणि मला कळव.

आईला सांग, ताईने पाठवलंय.

तुझी ताई
समीक्षा

*

वरची वाडी, कापडे, २० ऑगस्ट २०२२

ताई,

मंगळवारी तुला फोन आला तो आबांनी केलेला नव्हता, हे तुला आवाजावरून कळलंच असेल. मी माळावरूनच बोलत होतो. मधे दोनदा बसलो, पण चढलो. तू रडायला लागलीस म्हणून नीट बोलता आलं नाही, आता लिहितो.

पहिल्या आठवड्यात नुसती भूक वाढली. आई नाचणीच्या भाकऱ्या थापते आणि मी खातो, ती पुन्हा थापते. मग एके दिवशी अंगणात पाटावरून उठलो आणि उठल्यावर लक्षात आलं की गुडघ्याला हात लावलाच नाही. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. आई पडवीत तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "परत कर बघू." मी केलं. तिने देवापुढे जाऊन दिवा लावला, भर दुपारी.

आता गुरांबरोबर मीपण जातो. आबा पुढे जाऊन थांबतात, पण थांबल्याचं दाखवत नाहीत, उगाच बैलाला हाका मारतात.

गणपतीला येशील तेव्हा बघशीलच. दुसरा डबा पाठव.

दीपेश

*

भांडुप, २५ सप्टेंबर २०२२

दीपू,

मुंबईत आले तरी तुझा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. किती भरलायस रे! गाल तर एखाद्या बाळासारखे गोल. मावशी म्हणाली, "पोराने बाळसं धरलंन गो." आरतीला तू सगळा वेळ उभा होतास, मी मुद्दाम बघत होते.

पाचाडला वैशाली आत्याच्या खानावळीत काम करायला जाणार म्हणालास, तेव्हा आई घाबरली, पण मी म्हणते जा. गडावर येणाऱ्या लोकांची गर्दी असते, चार माणसं भेटतील. बारावीनंतर कॉलेजचे जिने चढवत नाहीत म्हणून घरी बसलास, तेव्हापासून तू वाडीच्या बाहेर कुठे राहिलेला नाहीस. आत्याला पावडरीचं सांगू नकोस. तिला प्रत्येक गोष्टीत शंका असते.

डबे मी थेट पाचाडलाच पाठवीन.

ताई

*

पाचाड, १५ जानेवारी २०२३

ताई,

इथे रेंज आहे, पण फोनवर बोललो की आत्या झारा हातात घेऊन शेजारी येऊन उभी राहते. म्हणून पत्र.

काम झकास चाललंय. सकाळी गड चढायच्या आधी लोक पोह्यांना येतात, उतरल्यावर पिठलं-भाकरीला. मी ताटं वाढतो, हिशेब बघतो. पुण्याच्या एका माणसाने मला विचारलं, "तुम्ही रोज गड चढत असाल ना?" मी हो म्हणालो. खोटं बोललो, पण तो दिवस छान गेला.

एक विचारायचं होतं. खोकला राहत नव्हता म्हणून महाडला डॉक्टर अनुपमा मॅडमकडे गेलो होतो. त्यांनी आजाराचे जुने कागद बघितले, मग माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. पोटावर जांभळे पट्टे आलेत तेपण बघितले. म्हणाल्या, "दीपेश, तुम्ही काही घेता का? पावडर, गोळ्या, काढा? जे असेल ते घेऊन या. मी रागावणार नाही. आणि आणेपर्यंत आपल्या मनाने बंद करू नका." मी विचार करतो म्हणालो.

नेऊ का?

दीपेश

*

भांडुप, ३ फेब्रुवारी २०२३

दीपू,

मी सुधीरसरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "डॉक्टर लोकांना आयुर्वेदाचं वावडं असतं. डबा नेलात की पहिलं काम म्हणजे बंद करायला लावतील." पट्टे म्हणजे अंग भरतंय त्याच्या खुणा, जिममधल्या पोरांच्या दंडावरही येतात.

मला काय वाटतं सांगू? त्यांच्याकडे तुझ्यासाठी काहीच नव्हतं. ज्याने तू उभा राहिलास ते आता त्यांना बघायचंय. कशाला? खोकल्याचं औषध घे आणि ये. डबा नेऊ नकोस.

ताई

*

पाचाड, ९ मे २०२३

ताई,

तुझं ऐकलं, नेला नाही.

सुट्टीची गर्दी आहे, उभं राहून राहून कंबर धरते. पाठीच्या मधोमध एक कळ येते, मग खाली वाकवत नाही. मागच्या परसातल्या तीन पायऱ्या हल्ली धरून उतरतो. आजार पुढे सरकतोय असं वाटतं. मला घरी परत जायचं नाही ताई. इथे मला लोक नावाने हाक मारतात.

एका चमच्याने आता पहिल्यासारखं होत नाही. दोन घेऊ का? सुधीरसरांना विचारून सांग.

दीपेश

*

भांडुप, १ जून २०२३

दीपू,

दोन घे. सर म्हणाले चालेल, आजार जोरात असेल तर खाद्यही जास्त लागणारच. पाठीला आत्याकडून तेल लावून घे.

पावसात आत्याकडे गर्दी कमी असते, तेव्हा विश्रांती मिळेल. मी जास्तीचे डबे पाठवतेय. तू पडलाबिडला नाहीस ना? आत्या फोनवर काहीतरी म्हणत होती आणि मधेच थांबली.

ताई

*

भांडुप, १० सप्टेंबर २०२३

दीपू,

माझ्या शेवटच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. फोनवर "बराय" एवढंच म्हणतोस.

आता वाईट बातमी. सुधीरसर जिम सोडून गेले, फोन लागत नाही. त्या वैद्याचा पत्ता मिळवून मी विक्रोळीला जाऊन आले. तिथे गाळ्याला कुलूप आहे. शेजारचा चहावाला म्हणाला, "मागच्याच महिन्यात गाशा गुंडाळला त्याने." त्यामुळे या वेळी डबा नाही. असलेला संपला की थोडे दिवस पावडरीशिवाय काढ, मी दुसरीकडे बघते. नुसतं खाद्य आहे, चार दिवस नसलं तर काही बिघडत नाही.

गणपतीला सुट्टी मिळत नाहीये. आईला तू समजाव.

ताई

*

महाड, १४ ऑक्टोबर २०२३

समीक्षा बाय,

फोनवर तुला सगला सांगता आला नाय, मानसा आजूबाजूला व्हती. आता दीपेश झोपलाय, तर लिवतो. माजी चौथीची शाला, समजून घे.

डबा संपल्यावर त्याला वांत्या लागल्या. उभा रायला की डोल्यापुढं काळोख. वैशालीला वाटला पित्त झाला. त्या दिवशी चुलीजवळून उठला नि तसाच खाली गेला. आवाज आला म्हने लाकूड मोडल्यावानी. मांडीचा हाड मोडला. पाठीची दोन हाडापन दबल्यात, ती कदी ते त्यालापन ठाव नाय. उन्हाल्यात परसात पडला व्हता तो, त्याने वैशालीला शपथ घातलीन, कुनाला सांगू नको.

हितं हास्पिटलात आनला तवा अनुपमा मॅडम बघायला आली. तिने पयलाच इचारलान, डबा कुठाय. वैशालीने रिकामा डबा आनून दिला. तळाला जी पावडर व्हती ती तपासाय धाडली. त्यात स्टिराइड निघाला. मॅडम म्हनली, ही दवा हाय, पन कुनी मापाने द्यायची, नि एकदम तोडायची नाय. तोडली म्हनून जीव जायला आला व्हता.

मी तुला बोल लावत नाय. तुजी आय रडते. तू ये.

आबा

*

भांडुप, २० डिसेंबर २०२३

दीपू,

हॉस्पिटलमध्ये आठ दिवस तुझ्या उशाशी बसले आणि आपण काय बोललो? जेवलास का, पाणी देऊ का. तू भिंतीकडे तोंड करून झोपायचास. म्हणून लिहिते, तिथे जे बोलायला हवं होतं ते.

मी अनुपमा मॅडमना एकटीने भेटले. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, पावडरीने तो खरंच उभा राहिला असेल, तो तुमच्या मनाचा भास नव्हता. स्टिरॉइडने काही दिवस तसं वाटतं. स्नायूंच्या या आजारांत काही प्रकारांना डॉक्टरही ते देतात, पण मोजून, आणि हाडं, डोळे, साखर बघत बघत. तुझ्या प्रकारात द्यावं की नाही हेसुद्धा विचार करून ठरवायचं असतं. आपण किती देत होतो ते कोणालाच माहीत नव्हतं. इतके दिवस घेतल्यावर त्यानेच हाडं पोकळ केली, आणि स्नायूही खाल्ले. मेमध्ये तुला वाटलं आजार पुढे सरकतोय. तो आजार नव्हता रे. ती पावडर होती, आणि मी म्हणाले दोन घे.

मी विचारलं, मग साधी प्रोटीन पावडर दिली असती तर? बाकीच्या गोळ्या? त्या म्हणाल्या, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम रक्त तपासून देता येतं, जिममधली पोरं घेतात त्या क्रिएटिनने थोडी ताकद येते असं काही चाचण्यांत दिसलंय, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर या आजारात काय होतं हे कुणी पुरेसं बघितलेलं नाही. "माहीत नाही, हे आम्ही सांगतो तेव्हा लोकांना ते उत्तरच वाटत नाही," असं म्हणाल्या. मलाही वाटलं नव्हतं.

तक्रार केलीय. पोलिसांकडे आणि सरकारी औषध खात्यातही. गाळा रिकामाच आहे.

मला एकच सांग. ते गुरांमागे जाणं, पाचाडचं वर्ष, त्यातलं थोडं तरी तुला मिळालं ना? एवढं सांगितलंस तर मी झोपू शकेन.

ताई

*

वरची वाडी, कापडे, १८ फेब्रुवारी २०२४

ताई,

उत्तर द्यायला वेळ लागला. चार वेळा लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं.

पाय जुळला, पण मी उभा राहणार नाही. प्लास्टरमध्ये एवढे महिने पडून राहिल्यावर आमच्या आजारात गेलेली ताकद परत येत नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. हॉस्पिटलात मापाने पुन्हा सुरू केलेलं स्टिरॉइड त्यांनी हळूहळू उतरवत आणून थांबवलं. गाल बसले. आरशात पूर्वीचा मी दिसतो, फक्त बसलेला.

तू विचारलंस ते. तुला झोप यावी असं उत्तर द्यायचं होतं, पण ते खोटं होईल. नाही ताई. मला ते वर्ष नको होतं. म्हणजे वर्ष छान होतं, पण मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, काही न घेता, सांभाळून राहिला असतात तर बहुधा आणखी बरीच वर्षं चालला असतात. हळू, गुडघ्याला हात लावून, पण चाललो असतो. मला तेच हवं होतं. पडवीतून न्हाणीपर्यंत स्वतःचं स्वतः जाणं. आबा मला उचलतात तेव्हा त्यांच्या छातीतून घरघर ऐकू येते. ते साठीचे आहेत. आणि मी दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या डॉक्टरांवर रागावलो होतो, त्यांनी मला दिलेली ती सगळी हळू वर्षं मी जमेला धरलीच नव्हती.

हे रागाने लिहीत नाही. राग येतो तेव्हा माझाही येतो. डबा महाडला न्यायचा की नाही हे मी तुला विचारलं, कारण तू नको म्हणशील हे मला ठाऊक होतं.

शिमग्याला ये. पालखी अंगणात येईल तेव्हा मला बाहेर बसवायचंय, आणि आबा एकट्याने करायला बघतील. आता वाडीत टॉवर झालाय, अंगणात रेंज येते. तरी फोन करू नकोस, तू रडतेस. सरळ ये.

दीपेश

*

भांडुप, २४ नोव्हेंबर २०२४

दीपू,

आता मी वरचेवर येते, तरी हे तोंडाने सांगवेना.

तुझ्या हृदयाचे रिपोर्ट दाखवायला परवा हॉस्पिटलात गेले होते. रांगेत शेजारी श्रुतिका नावाची बाई होती, नाते गावची, म्हणजे आपल्या महाडच्याच बाजूची. तिच्या मुलालाही हाच आजार, नुकताच कळलेला. सतरा वर्षांचा आहे. तिने पिशवीतून एक पाकीट काढून दाखवलं, ऑनलाइन मागवलंय, यावरही धड नाव नाही. मला विचारते, "हे चांगलं असतं का हो?"

मी तिला सगळं सांगितलं. डबा, गोल चेहरा, पट्टे, दोन चमचे, मांडीचं हाड. काही लपवलं नाही. मी रडत होते आणि तिने माझा हात धरला होता. सगळं ऐकून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पण चालला ना तो? किती महिने चालला?"

दीपू, तिने त्यातलं तेवढंच ऐकलं. मी उठून बाहेर गेले. नंतर तिचा नंबर घ्यायला परत आले, पण तिला काय सांगायचं ते मला कळत नाही. जे मी स्वतः ऐकलं नसतं ते तिने का ऐकावं?

ताई

*

वरची वाडी, कापडे, १२ जानेवारी २०२५

ताई,

तू निरोप पाठवून मला तिचा नंबर दिलास, ते बरं केलंस. मी फोन केला. दुपारी, अंगणात बसून.

आधी तिला खरं सांगितलं की हो, चाललो. माळावर चढलो. ते खोटं सांगून उपयोग नव्हता, ती तेवढ्यासाठीच फोनवर थांबली होती. मग पुढचं सांगितलं. हाड मोडल्याचं तू सांगितलंच होतंस, ते मी नाही सांगितलं. सकाळ कशी होते ते सांगितलं. आबा मला न्हाणीत नेतात, आई पाठ फिरवून उभी राहते, आणि मी पंचवीस वर्षांचा आहे. तुमचा मुलगा आता न्हाणीत एकटा जातो का, असं विचारलं. ती म्हणाली, "जातो. वेळ लागतो त्याला, भिंत धरून जातो." मी म्हटलं, मग तो वेळ त्याला घेऊ द्या. भिंत धरू द्या.

तिने पावडरीचं नाव पुन्हा पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नाव नव्हतंच. तेव्हा म्हणाली, "मी आई हाय ओ त्याची. नुसती बघत बसू काय?"

अनुपमा मॅडमचा पत्ता दिला, बाकी काय देणार? पाकीट घेऊनच जा, त्या रागावत नाहीत, एवढं सांगितलं.

काल तिचा फोन आला होता. जाऊन आली. मॅडमनी पाकीट ठेवून घेतलं, मुलाला व्यायाम शिकवला, हृदय तपासायला सांगितलं. ती नाराज होती. म्हणाली, "एवढ्या लांब गेलो आनि मॅडमने दिलान काय, तर व्यायाम." मग विचारलं, "तुमच्या ताईने तुमाला ती पावडर कशी काय दिलीन? तिला म्हायती नव्हता?"

मी म्हटलं, "नाही. डॉक्टरांनी 'माहीत नाही' असं सांगितलं, तर तिला ते उत्तरच वाटायचं नाही. माझ्यावर फार जीव आहे तिचा. तुमचा आहे तसाच."

फोन ठेवायच्या आधी ती मुलाला हाक मारताना मला ऐकू आली. त्याचं नाव मंगेश आहे. "मंगेश, सावकाश ये रे," असं म्हणत होती.

तुझा
दीपेश